नेस्कॅक म्हणजे काय, आणि त्यात अकराच कॉलेजं का?

पुण्याच्या एका आईंनी विचारलंय : मुलगी अकरावीत आहे, स्क्वॉश राष्ट्रीय पातळीवर खेळते. क्लबच्या कोचनी अमेरिकेतली ट्रिनिटी, विल्यम्स, बेट्स, मिडलबरी अशी नावं सुचवली आणि म्हणाले, "ही सगळी नेस्कॅकची कॉलेजं." त्यांचे तीन प्रश्न आहेत. नेस्कॅक ही लीग आहे की कॉलेजांची संघटना? त्यात कोण कोण आहे आणि ते कुणी ठरवलं? आणि ही कॉलेजं 'डिव्हिजन थ्री'त मोडतात, म्हणजे तिसऱ्या दर्जाची का?

या कॉलेजांच्या क्रीडा विभागांशी आणि ॲडमिशन ऑफिसांशी माझा कामानिमित्त बरीच वर्षं संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोघांत दडलंय, तेव्हा सुरुवात इतिहासापासून करू.

पूर्ण नाव 'न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स'. न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडची सहा राज्यं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत तुमचं विद्यापीठ कुठल्या विभागात जाईल हे भूगोल ठरवतो, त्यात विद्यापीठाला विचारायचा प्रश्नच नसतो. अमेरिकेत कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांनी आपखुशीनं केलेला करार. कुणाशी खेळायचं, किती सामने खेळायचे, खेळाडू कसे आणायचे, हे करारात शामील असलेली कॉलेजं मिळून ठरवतात. पटलं नाही तर बाहेर पडतात, दुसरीकडे जातात. गेल्या काही वर्षांत टीव्हीच्या पैशापायी तिकडच्या मोठ्या विद्यापीठांनी कॉन्फरन्स बदलण्याचा जो धडाका लावलाय, तो पाहिला तर नेस्कॅकचा इतिहास चमत्कारिक वाटतो. अर्ध्या शतकाहून जास्त काळात एक कॉलेज गेलं आणि एक आलं. बस्स.

आता सभासद. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट, विल्यम्स आणि टफ्ट्स. कनेक्टिकटमध्ये ट्रिनिटी, वेस्लियन आणि कनेक्टिकट कॉलेज. उत्तरेला मेन राज्यात बोडन, बेट्स आणि कॉल्बी. व्हर्मॉन्टमध्ये एकटं मिडलबरी. आणि हॅमिल्टन, जे न्यूयॉर्क राज्यात आहे, म्हणजे काटेकोर पाहिलं तर न्यू इंग्लंडमध्ये नाहीच. विल्यम्स 1793 चं, बोडन 1794 चं, मिडलबरी 1800 चं. सगळ्यांत धाकटं कनेक्टिकट कॉलेज, तेही 1911 चं. बहुतेकांची विद्यार्थिसंख्या अठराशे ते तीन हजारांच्या आसपास. टफ्ट्स तेवढं वेगळं : ते विद्यापीठ आहे, पदवीपूर्व विद्यार्थीच सहा हजारांहून जास्त. नावात 'स्मॉल कॉलेज' असलेल्या संघटनेत टफ्ट्स काय करतंय, असं बाकीच्या कॉलेजांतले कोच हरल्यावर हमखास म्हणतात. जिंकल्यावर कुणी म्हणत नाही.

विल्यम्सचं नाव तुम्हाला परकं वाटत असेल, पण मुंबईशी त्याची जुनी ओळख आहे. 1806 साली विल्यम्सच्या काही विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीआड पावसापासून आडोसा घेत प्रार्थना केली, त्यातून अमेरिकेची परदेशी मिशनरी चळवळ उभी राहिली. त्याच कॉलेजातून 1808 मध्ये बाहेर पडलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. अहमदनगरच्या ज्या मिशन शाळा आपल्याला माहीत आहेत, त्यांचं मूळ शोधत गेलं तर ते विल्यम्सटाउन नावाच्या डोंगरातल्या गावात सापडतं. क्रीडेशी याचा संबंध नाही, पण राहवलं नाही.

क्रीडेची गोष्ट सुरू होते ती भांडणातून. 1821 मध्ये विल्यम्सचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर काही विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि ॲमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. विल्यम्सवाले आजही ॲमहर्स्टला 'पळून गेलेले' म्हणून हिणवतात. याच दोघांत 1 जुलै 1859 रोजी पिट्सफिल्डला बेसबॉलचा सामना झाला. दोन कॉलेजांमधला बेसबॉलचा हा पहिला सामना मानला जातो. ॲमहर्स्टनं तो 73–32 असा जिंकला. त्याच भेटीत बुद्धिबळाचीही लढत ठेवली होती आणि तीही ॲमहर्स्टनंच मारली. बुद्धिबळाचा तपशील मी मुद्दाम सांगतो. खेळ हा विद्यार्थ्यांचा उद्योग, अभ्यास करणारी हीच पोरं संध्याकाळी मैदानात उतरतात, ही कल्पना या कॉलेजांच्या डोक्यात तेव्हापासून बसलेली आहे. पुढे ॲमहर्स्ट, विल्यम्स आणि वेस्लियन या तिघांना 'लिटल थ्री' म्हणू लागले. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन हे 'बिग थ्री', त्यांच्या चालीवर.

1955 मध्ये ॲमहर्स्ट, विल्यम्स, वेस्लियन आणि बोडन या चौघांनी खेळाविषयी एक करार केला. नेस्कॅकचं बीज ते. काळ लक्षात घ्या. 1950 च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचा (म्हणजे तिकडच्या अमेरिकन फुटबॉलचा) धंदा होत चालला होता, खेळाडूंना आडमार्गानं पैसे देण्याची प्रकरणं बाहेर येत होती. हार्वर्ड-येलच्या मंडळींनी 1954 मध्ये आयव्ही लीगचा करार सगळ्या खेळांना लावून स्वतःपुरती एक कड आखली. छोट्या कॉलेजांनी पाठोपाठ आपली आखली.

1971 मध्ये या चौघांबरोबर बेट्स, कॉल्बी, हॅमिल्टन, मिडलबरी, ट्रिनिटी, टफ्ट्स आणि युनियन अशी सात कॉलेजं आली आणि नेस्कॅक रीतसर स्थापन झाली. म्हणजे सुरुवातीलाही अकराच. एनसीएएनं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-क्रीडेच्या शिखर संस्थेनं, डिव्हिजन वन, टू, थ्री अशी विभागणी केली ती 1973 मध्ये. आधी नेस्कॅक आणि मग डिव्हिजन थ्री, हा क्रम डोक्यात राहू द्या. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, हे या कॉलेजांना कुणी तिसऱ्या डब्यात ढकललं म्हणून करावं लागलं नाही. त्यांनी ते आधीच ठरवलं होतं, आणि डिव्हिजन थ्री हा त्यांच्यासारखा विचार करणाऱ्यांचा डबा नंतर तयार झाला.

करारात काय होतं? खेळाचा कार्यक्रम शिक्षणाच्या हेतूशी सुसंगत राहील. संघातली मुलं कॉलेजच्या एकूण विद्यार्थ्यांसारखीच असतील, त्यांची वेगळी जात तयार होणार नाही. आर्थिक मदत फक्त कुटुंबाच्या गरजेवर. हंगाम उशिरा सुरू, सामने मोजके, फुटबॉलचा वसंत ऋतूतला सराव बंद. कोचनं कॉलेजच्या आवाराबाहेर जाऊन मुलांना गाठायचं नाही, गळ घालायची नाही. आणि या सगळ्यावर अंतिम शब्द कॉलेजांच्या अध्यक्षांचा. क्रीडा-संचालकांचा नाही, माजी विद्यार्थ्यांचा तर मुळीच नाही. बाहेरून पाहणाऱ्याच्या हे शेवटचं कलम नजरेतून सुटतं, पण माझ्या मते कॉन्फरन्स टिकली ती त्याच्यामुळे. अध्यक्षाला सामना हरल्याचं दुःख कोचइतकं होत नाही.

या यादीत एक गोष्ट दिसणार नाही : स्पर्धा. 1971 ते 1999 अशी तब्बल 28 वर्षं नेस्कॅकमध्ये बहुतेक खेळांत अधिकृत विजेतेपदच नव्हतं. कॉलेजं एकमेकांशी खेळत, पण गुणतक्ता लावून 'यंदाचा विजेता अमुक' असं कॉन्फरन्स म्हणत नसे. ती लीग नव्हतीच, तो संयमाचा करार होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे : आधी ती संघटना होती, लीग उशिरा झाली, आणि तेही थोडं नाइलाजानं.

मधल्या काळात युनियन गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या या कॉलेजानं 1975 मध्ये नेड हार्कनेस यांना आइस हॉकीसाठी आणलं. कॉर्नेलला 1967 आणि 1970 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा मोठा माणूस. मोठा हॉकी संघ उभा करायची हौस आणि नेस्कॅकचे रिक्रूटिंगवरचे, म्हणजे खेळाडू मिळवण्यावरचे, निर्बंध, दोन्ही एका घरात नांदेनात. 1977 मध्ये युनियन बाहेर पडलं. त्याच हिवाळ्यात हार्कनेसही युनियन सोडून गेले, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं महाभारत झालं तेही राहिले नाहीत. पण युनियननं हॉकीचा ध्यास सोडला नाही. 2014 मध्ये या छोट्या कॉलेजानं खेळाची शिष्यवृत्ती न देता मिनेसोटासारख्या अजस्र विद्यापीठाला 7–4 हरवून डिव्हिजन वनचं विजेतेपद पटकावलं. युनियन चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना वेगळं काही हवं होतं आणि ते त्यांनी मिळवलं.

रिकामी जागा 1982 मध्ये कनेक्टिकट कॉलेजनं भरली. हे मुळात मुलींचं कॉलेज, मुलांना प्रवेश 1969 पासून. इथे थोडं थांबायला हवं, कारण सभासदांच्या यादीइतकंच त्या काळात आतलं चित्र बदलत होतं. कॉन्फरन्स जन्मली तेव्हा विल्यम्स आणि बोडन नुकतीच मुलींना घेऊ लागली होती, ॲमहर्स्टनं 1975 पर्यंत वाट पाहिली, आणि शेजारचं कर्कलँड हे मुलींचं कॉलेज 1978 साली विलीन झाल्यावर हॅमिल्टन सहशिक्षणाचं झालं. बेट्स, कॉल्बी, मिडलबरी मात्र एकोणिसाव्या शतकापासून मुलींना घेत आलेली. त्यात 1972 मध्ये 'टायटल नाइन' कायदा आला आणि मुलींच्या खेळांना समान संधी देणं भाग पडलं. पुरुषांच्या भांडणांतून उभ्या राहिलेल्या या संघटनेचं नाव जगात गाजवणाऱ्यांत एक मोठं नाव मुलीचं आहे. बोडनमध्ये शिकत असतानाच जोन बेनॉइटनं 1979 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकली आणि 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या पहिल्यावहिल्या मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेतलं.

मोठा बदल 1993 चा. तोवर पोहणं, धावणं अशा वैयक्तिक खेळांतल्या मुलांना राष्ट्रीय स्पर्धेत जाता यायचं, पण सांघिक खेळांना एनसीएएच्या स्पर्धेत जायला बंदी होती. हंगाम लांबतो, परीक्षा बुडतात, हे कारण. संघ कितीही चांगला असला तरी प्रादेशिक स्पर्धेपलीकडे मजल नाही. 1993 मध्ये अध्यक्षांनी प्रायोगिक म्हणून हे दार किलकिलं केलं. पुढे काय झालं ते मिडलबरीच्या आइस हॉकीत पाहा : 1995 ते 1999 सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं. पाणी अडवून ठेवलं होतं ते किती होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. 1995-96 पासून डिव्हिजन थ्रीत सर्व खेळांच्या एकत्रित कामगिरीवर 'डायरेक्टर्स कप' द्यायला सुरुवात झाली, आणि विल्यम्सनं तो वीसहून अधिक वेळा नेला. एकदा सॅन डिएगोच्या विद्यापीठानं अडवलं, एकदा मिडलबरीनं; एरवी बरीच वर्षं हा कप विल्यम्सटाउनला मुक्कामालाच होता.

प्रयोग मागे घेणं मग शक्यच नव्हतं. शिवाय राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळण्याची पद्धत आली, आणि विजेता असायला आधी स्पर्धा असायला हवी. अध्यक्षांनी 1998 मध्ये निर्णय घेतला आणि 1999-2000 च्या हंगामापासून नेस्कॅक खऱ्या अर्थानं लीग झाली. आज पंचवीसहून अधिक खेळांत तिची विजेतेपदं आहेत. हॅमिल्टन संस्थापक असूनही बहुतेक खेळ न्यूयॉर्कच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये खेळत राहिलं, पूर्णपणे घरी आलं ते 2011 मध्ये. कुठल्याही वर्षाची सभासद-यादी पाहताना हे ध्यानात ठेवा : यादीत नाव असणं आणि त्या खेळात लीगमध्ये खेळणं, या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात. कनेक्टिकट कॉलेजचा फुटबॉल संघच नाही, त्यामुळे फुटबॉलमध्ये कॉलेजं दहा.

फुटबॉलमध्ये जुना करार सर्वांत जास्त काळ तग धरून राहिला. फक्त आठ सामने, तेही आपसातच. दहा संघ आणि आठ सामने, म्हणजे दरवर्षी प्रत्येकाचा एका संघाशी सामनाच व्हायचा नाही. दोन अपराजित संघ समोरासमोर न येता हंगाम संपू शकत होता. 2017 मध्ये नववा सामना आला आणि सगळे सगळ्यांशी खेळू लागले. एवढासा बदल करायला किती वर्षं लागली, यावरून या मंडळींचा वेग ओळखा. बाकी खेळांना राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडल्यावरही फुटबॉलला ते दशकानुदशकं बंद ठेवलं होतं. खेळाडूंना हे कायम सलत आलं. मला त्यांची बाजू पटते. हॉकीच्या मुलांची परीक्षा बुडत नसेल तर फुटबॉलवाल्यांचीच कशी बुडते?

आता तुमच्या डिव्हिजन थ्रीच्या शंकेकडे. तिसरा दर्जा म्हणावा, तर ही उदाहरणं पाहा. विल्यम्सकडून एक वर्ष बास्केटबॉल खेळलेला डंकन रॉबिन्सन 2014 मध्ये डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, मग मिशिगनला गेला आणि पुढे मायामी हीटकडून एनबीएत खेळला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाला अमेरिकन फुटबॉलची सहा सर्वोच्च विजेतेपदं, म्हणजे सुपर बोल, जिंकून देणारे कोच बिल बेलिचिक वेस्लियनचे. 2021 मध्ये पुरुषांच्या फुटबॉलचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, राष्ट्रीय अंतिम सामना नेस्कॅकच्याच दोन संघांत झाला आणि कनेक्टिकट कॉलेजनं ॲमहर्स्टला पेनल्टीवर हरवलं.

आणि तुमच्या मुलीच्या खेळात तर हा डिव्हिजनचा शिक्का लागूच होत नाही. कॉलेज स्क्वॉश एनसीएएच्या छत्राखाली येत नाही, त्याची संघटना वेगळी आहे, आणि तिथे ट्रिनिटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन एकाच फळीत खेळतात. ट्रिनिटीच्या पुरुष संघानं 1998 ते जानेवारी 2012 या काळात सलग 252 सामने जिंकले, मग येलनं 5–4 असं रोखलं. प्रशिक्षक पॉल असायांते यांनी हा संघ बांधला तो जगभरातून मुलं आणून, त्यांत भारतातली बरीच होती. मुंबईचा विक्रम मल्होत्रा ट्रिनिटीचाच. आयव्ही लीगला घाम फोडणारं हे कॉलेज कागदोपत्री डिव्हिजन थ्रीचं आहे. स्कीइंगमध्येही तसंच : मिडलबरी, विल्यम्स, बेट्सची मुलं डार्टमथ आणि व्हर्मॉन्ट विद्यापीठाच्या मुलांशी एकाच उतारावर शर्यत लावतात.

इतिहासाचा तुमच्या घरच्या निर्णयाशी संबंध आहे तो इथे. त्या जुन्या कलमांमुळे नेस्कॅकचा कोच तुमच्या मुलीचा सामना पाहायला येईलही, पण बाहेर भेटून, चहा पीत 'आमच्याकडे ये' असं म्हणणार नाही. म्हणजे त्याला रस नाही असं समजू नका. ईमेल आणि व्हिडिओ तुम्हीच पाठवायचे, ओळख तुम्हीच करून द्यायची, आणि मुलीनं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बाबांनी लिहिलेलं पत्र कोचला पहिल्या ओळीत कळतं.

खेळाची शिष्यवृत्ती कुणीही देऊ केली तर ती व्यक्ती या कॉलेजांच्या वतीनं बोलत नाही, हे निश्चित समजा. पैसे मिळतात ते कुटुंबाच्या उत्पन्नावरून, आणि ते भरपूर असू शकतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ॲमहर्स्ट आणि बोडन प्रवेश देताना आर्थिक गरज पाहत नाहीत; बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो. हा फरक यादी करतानाच लक्षात घ्या.

कोचच्या हातात खरं असतं ते ॲडमिशन ऑफिसला दिलेलं पाठबळ, तिकडच्या भाषेत 'सपोर्ट'. पण त्यालाही कॉन्फरन्सनं मोजमाप घातलंय. कुठल्या खेळाला वर्षाला किती जागांवर असं वजन वापरता येईल हे आपसात ठरलेलं असतं. सगळ्यांत जास्त फुटबॉलला, बाकी खेळांना प्रत्येकी अगदी थोड्या. ॲमहर्स्टनं स्वतःच अहवाल काढून मान्य केलं होतं की दरवर्षी साधारण 60-70 मुलांच्या प्रवेशात खेळ हा निर्णायक घटक असतो. ज्या कॉलेजात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या संघात आहेत, तिथे हा वाद थंड होणं कठीण. प्राध्यापक म्हणतात जास्त आहे, कोच म्हणतात पुरत नाही.

अमेरिकेच्या हिशेबानं बारावीत जाण्याआधीच्या उन्हाळ्यात, 1 जुलैनंतर, कोच तुमच्याकडे मार्क, चाचण्यांचे गुण आणि विषयांची यादी मागेल. ॲडमिशन ऑफिस ते चाळून कोचला आपलं प्राथमिक मत सांगतं. याला 'प्री-रीड' म्हणतात. तो होकार म्हणजे प्रवेश नव्हे. प्री-रीड झाल्यावर मुलीनं कोचला सरळ दोन गोष्टी विचाराव्यात : यंदा ॲडमिशन ऑफिसकडे तुम्ही मला पूर्ण सपोर्ट देणार का, आणि त्यासाठी मी अर्ली डिसिजननं, म्हणजे 'प्रवेश मिळाला तर इथेच येईन' असं बांधून घेऊन, अर्ज करावा अशी तुमची अपेक्षा आहे का. विचारायला संकोच वाटेल, तरी विचारावं. कोचना याची सवय असते. उत्तर गोलमोल आलं तर तो नकार समजून दुसऱ्या कॉलेजच्या कोचला त्याच आठवड्यात लिहायचं. ट्रिनिटीसारख्या संघात जागेसाठी जगभरातून रांग असते. बेट्स, हॅमिल्टन, कॉल्बी, वेस्लियन इथे तीच मुलगी पहिल्या वर्षापासून खेळू शकेल.